रक्तगट घरात येतो कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करते. शिबिरांच्या निमित्ताने विटा, तासगाव, जत, शिराळा असं फिरणं होतं. अधूनमधून शाळा-कॉलेजांत बोलायलाही बोलावतात. तिथे विचारलेले आणि नंतर फोनवर पाठवलेले प्रश्न मी एका वहीत लिहीत गेले. वही भरली तेव्हा लक्षात आलं की प्रश्न वीसेकच आहेत, विचारणारे बदलतात. म्हणून ही उत्तरं एका जागी. सगळं वाचायला वेळ नसेल आणि मुलाच्या रिपोर्टवरून घरात कुणी कुणावर संशय घेत असेल, तर आधी प्रश्न ११ वाचा.

१. रक्तगट म्हणजे रक्तातलं नेमकं काय?

आपल्या तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. रक्तगट ठरतो तो या साखळीच्या टोकाला काय चिकटलंय त्यावर. एक विशिष्ट साखर चिकटली तर ए, दुसरी चिकटली तर बी, काही पेशीसाखळ्यांवर ही आणि काहींवर ती असेल तर एबी. टोक मोकळंच राहिलं तर ओ. टोकाला चिकटलेल्या या खुणेला प्रतिजन म्हणतात. आणि जे आपल्याकडे नाही, त्याच्या विरोधातली प्रतिपिंडं (परक्या गोष्टीवर चालून जाणारी प्रथिनं, अँटिबॉडी) आपल्या रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या पातळ भागात, तयार असतात. ए माणसाच्या रक्तात बीविरोधी, बी माणसाच्या रक्तात एविरोधी, ओ माणसाच्या रक्तात दोन्ही, एबी माणसाच्या रक्तात एकही नाही.

व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे गट वेगळे करून दाखवले. एबी त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ मध्ये सापडला. या कामासाठी लँडस्टायनर यांना १९३० चं नोबेल मिळालं. त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे नशिबावर हवाला होता.

२. बोट टोचून दोन मिनिटांत रक्तगट सांगतात, तो कसा कळतो?

पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब घेतो. पहिल्यावर निळं द्रावण, त्यात एविरोधी प्रतिपिंडं. दुसऱ्यावर पिवळं, बीविरोधी. तिसऱ्यावर बिनरंगी, ते आरएचसाठी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी. काडीने प्रत्येक थेंब वेगळा कालवायचा (एकच काडी तिन्हींत फिरवली की रिपोर्ट गेला!) आणि टाइल हलक्या हाताने डोलवत बघत राहायचं. जिथे प्रतिजन असेल तिथे थेंब फाटतो. नासलेल्या दुधासारखे तांबडे कण वेगळे होतात आणि मधे स्वच्छ पाणी दिसतं. जिथे प्रतिजन नाही तिथे थेंब एकसारखा, गुळगुळीत राहतो.

ही झाली पेशींची तपासणी. रक्तपेढीत आम्ही उलटी तपासणीही करतो, म्हणजे तुमच्या रक्तद्रवात ए, बी आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशी घालून कोणाशी गाठी होतात ते बघतो. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. शिबिराच्या टेबलावर सहसा पहिलीच तपासणी झालेली असते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३. आई-वडिलांकडून रक्तगट मुलात येतो कसा?

एबीओ रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. प्रत तीन प्रकारची असू शकते: ए, बी किंवा ओ. ए आणि बी या दोन्ही प्रती काम करतात, ओची प्रत गप्प असते. म्हणून ए-ए आणि ए-ओ या दोन्ही माणसांचा रिपोर्ट ‘ए’ येतो. बी-बी आणि बी-ओ दोघांचा ‘बी’. ए-बी म्हणजे एबी. ओ यायला मात्र दोन्ही प्रती ओच लागतात.

आई आपल्या दोन प्रतींपैकी एक मुलाला देते, बापही एक देतो. कोणती जाईल ते त्या त्या वेळी ठरतं. आईचा रक्तगट मुलीला आणि बापाचा मुलाला जातो, असं खूप जण विचारतात. तसं काही नाही. हे गुणसूत्र मुलगा-मुलगी ठरवणारं नव्हेच.

४. कोणत्या जोडप्याला कोणत्या रक्तगटाची मुलं होऊ शकतात? एक तक्ता द्या ना.

| आई-वडील | होऊ शकतो | सहसा होत नाही |
|---|---|---|
| ओ आणि ओ | ओ | ए, बी, एबी |
| ओ आणि ए | ए, ओ | बी, एबी |
| ओ आणि बी | बी, ओ | ए, एबी |
| ओ आणि एबी | ए, बी | ओ, एबी |
| ए आणि ए | ए, ओ | बी, एबी |
| बी आणि बी | बी, ओ | ए, एबी |
| ए आणि बी | चारही | – |
| ए आणि एबी | ए, बी, एबी | ओ |
| बी आणि एबी | ए, बी, एबी | ओ |
| एबी आणि एबी | ए, बी, एबी | ओ |

शेवटच्या रकान्यावर मी मुद्दाम ‘सहसा’ लिहिलंय. ‘कधीच’ लिहिलेले तक्ते भिंतीवर लावलेले दिसतात आणि त्यांनी घरं मोडायची वेळ येते. अपवाद प्रश्न १३ ते १६ मध्ये आहेत.

हा तक्ताही एका दमात तयार झालेला नाही. रक्तगट आनुवंशिक असतो हे १९१० मध्ये हायडेलबर्गला फॉन डुंगर्न आणि हिर्झफेल्ड यांनी कुटुंबंच्या कुटुंबं तपासून दाखवलं. पण त्यांना वाटलं की ए आणि बीची दोन स्वतंत्र जनुकं असावीत. त्या हिशेबाने ओ आणि एबी जोडप्याला ओ किंवा एबी मूल व्हायला हरकत नव्हती. चौदा वर्षांनी, १९२४ मध्ये, फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने आकडेमोड करून सांगितलं की जनुक एकच, त्याची रूपं तीन. तोवर जाणकारांचा तक्तासुद्धा चुकीचा होता.

५. आम्ही नवरा-बायको दोघंही बी पॉझिटिव्ह, मुलगी ओ आली. हे कसं?

अगदी सरळ आहे. तुम्ही दोघंही बी-ओ आहात. रिपोर्टवर बी दिसतो, ओची प्रत मागे झाकलेली आहे. तुमची ओ आणि त्यांची ओ एकत्र आली की मूल ओ. अशा जोडप्यात प्रत्येक बाळंतपणाला ओ होण्याची शक्यता चारात एक. ‘चारात एक’ म्हणजे चार मुलांत एक नक्की, असा अर्थ नाही. पहिली तिन्ही मुलं बी झाली तरी चौथ्यासाठी हिशेब पुन्हा तोच, चारात एक.

ए आणि ए जोडप्यालाही हेच लागू. एक ए-ओ आणि दुसरा बी-ओ असेल तर चारही गट सारख्याच शक्यतेने येतात. एका घरात चार भावंडं आणि चार वेगळे गट, असं कुटुंब शिबिरात भेटतं आणि भावंडं एकमेकांकडे बघून हसतात. त्यात आश्चर्य काही नाही.

६. मुलाचा रक्तगट आई-बापाचा नाही, आजोबांचा आलाय. पिढी गाळून येतो का?

पिढी गाळली जात नाही. आजोबा ओ असतील तर त्यांची ओची प्रत तुमच्या नवऱ्यात आली, पण एच्या मागे झाकली गेली. तुमच्याकडेही एक ओ झाकलेली होती. नातवात दोन्ही भेटल्या. बाकी प्रश्न ५ प्रमाणेच.

७. ओ जर गप्प बसणारा गट, तर आपल्याकडे ओ इतके जास्त कसे? तो हळूहळू संपायला हवा ना?

इस्लामपूरच्या एका शाळेत आठवीतल्या मुलीने हा प्रश्न विचारला होता आणि मला तो फार आवडला. प्रभावी असणं म्हणजे जोडीत असताना दिसून येणं, बस्स. त्याचा संख्येशी संबंध नाही. झाकलेली प्रतही पुढच्या पिढीत तितक्याच शक्यतेने जाते. भारतात ढोबळमानाने ओ ३७ टक्के, बी ३२, ए २३ आणि एबी ८ टक्के लोक आढळतात. ओची प्रत समाजात पसरलेली आहे म्हणूनच ओ इतके आहेत.

ही प्रत गप्प का असते, तेही सांगते. साखळीच्या टोकाला साखर चिकटवायचं काम एक विकर (एन्झाइम) करतं. ए आणि बीची विकरं जवळजवळ सारखी, फक्त चार ठिकाणी फरक. ओच्या नेहमीच्या प्रतीत मात्र जनुकातलं एक अक्षर गळलेलं असतं. हे १९९० मध्ये समजलं. एक अक्षर गळल्याने काय होतं? जनुक तीन-तीन अक्षरांचे शब्द करून वाचलं जातं. ‘कमळ बघत मदन हसत’ यातला पहिला ‘म’ काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा: ‘कळब घतम दनह सत’. सगळा अर्थ गेला. विकर तयार होत नाही, साखळीचं टोक मोकळं राहतं. त्याने माणसाचं काही बिघडत नाही. ओ म्हणजे कमकुवत रक्त, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

८. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हा वेगळा मामला आहे का?

हो, पूर्ण वेगळा. आरएचचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर असतं, त्यामुळे एबीओचा आणि त्याचा वारसा स्वतंत्र चालतो. पेशीवर डी नावाचं प्रथिन असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. इथेही दोन प्रती. एक जरी चालू असली तरी पॉझिटिव्ह. म्हणून दोघं पॉझिटिव्ह असताना मूल निगेटिव्ह होऊ शकतं, दोघांनी आपापली बंद प्रत दिली तर. दोघं निगेटिव्ह असतील तर मूल निगेटिव्हच व्हायला हवं (अपवाद प्रश्न १३). भारतात निगेटिव्ह लोक शंभरात पाचेक.

९. मुलाचा आणि मुलीचा रक्तगट एकच आहे. स्थळ नाकारावं का?

नाकारू नका. याहून स्पष्ट मी लिहू शकत नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असल्याने मुलात व्यंग येत नाही, गर्भ पडत नाही, मूल मतिमंद होत नाही. शंभरातली सदतीस माणसं ओ असताना ओ-ओ लग्नं घरोघर झालेली आहेत. तुमच्या आजी-आजोबांचा गट कुणी तपासला होता?

मला वाटतं, सगोत्र लग्न नको या जुन्या कल्पनेचंच रक्तगटावर कलम झालंय. गोत्र एक म्हणजे भाऊ-बहीण, तसं रक्तगट एक म्हणजे रक्त एक! पण सांगलीतल्या बी माणसाचं आसाममधल्या बी माणसाशी जितकं नातं, तितकंच तुमचं त्या स्थळाशी. चांगली जमलेली लग्नं यावरून मोडलेली मी पाहिली आहेत. एका मुलीच्या वडिलांनी बैठकीतून बाहेर येऊन मला फोन केला होता. मी बोलले ते त्यांना पटलं, समोरच्यांना पटलं नाही.

लग्नाआधी तपासायचंच असेल तर दोघांची थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी तपासणी करून घ्या. दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण आजाराची एक झाकलेली प्रत बाळगणारे, तर मुलाला मोठा आजार होण्याची शक्यता प्रत्येक वेळी चारात एक असते. या तपासणीने खरोखर एखाद्या मुलाचा जन्मभराचा त्रास टळतो. पत्रिका आणि रक्तगट मागणारी घरं ही तपासणी मागत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

१०. मुलगी निगेटिव्ह आणि जावई पॉझिटिव्ह. मग तरी धोका आहे ना?

काळजी घ्यायची गोष्ट आहे, लग्न मोडायची नाही. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातात आणि आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला शिकतं. पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं. पुढचं बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असेल तर ती प्रतिपिंडं वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. कावीळ, रक्त कमी होणं, कधी पोटातच बाळ दगावणं, इथवर जाऊ शकतं.

यावर अँटी-डी इंजेक्शन आहे आणि ते १९६८ पासून वापरात आहे. साधारण २८ व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक. गर्भपात झाला, गर्भ पिशवीबाहेर राहिला, पोटावर मार बसला, तरीही डॉक्टरांना ‘मी निगेटिव्ह आहे’ हे आपणहून सांगा. लोक बाळंतपणाचं लक्षात ठेवतात, दीड-दोन महिन्यांच्या गर्भपाताचं विसरतात आणि फटका पुढच्या बाळाला बसतो. जावईही निगेटिव्ह असतील तर ही चिंता नसते.

आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तरी बाळाला कावीळ होऊ शकते, अगदी पहिल्या खेपेलाही. ती बहुधा सौम्य असते, निळ्या दिव्याखाली ठेवून उतरते.

११. मुलाचा रक्तगट आमच्या दोघांशी जुळतच नाही. घरात वाद पेटलाय. काय समजायचं?

सगळ्यात आधी कागद चुकलाय असं समजा, माणूस नव्हे.

तासगावकडच्या एक आजी आमच्याकडे नातवाचा रिपोर्ट पदराच्या गाठीत बांधून आल्या होत्या. मुलगा ओ, सून ओ, नातू बी. सून तीन आठवडे माहेरी. आजींनी गाठ सोडून तीन कागद टेबलावर ओळीने लावले. सून आणि नातू यांचे रिपोर्ट ताजे होते. मुलाचं मात्र कॉलेजातल्या शिबिराचं कार्ड होतं, अकरा वर्षांपूर्वीचं, लॅमिनेशन केलेलं. त्या कार्डाला कडेने पिवळेपणा आला होता आणि पेनाने लिहिलेला ‘ओ’ अजून ठळक होता. मी म्हटलं, आजी, मुलाला घेऊन या. दुसऱ्या दिवशी तो आला. नळीत तपासलं, उलटी तपासणी केली, दुसऱ्या तंत्रज्ञाकडून पुन्हा करून घेतली. तो बी होता. अकरा वर्षं तो चुकीचं कार्ड खिशात घेऊन फिरत होता आणि त्यावर सुनेचं चारित्र्य तोललं जात होतं. आजींनी माझ्याकडून कागदावर मोठ्या अक्षरात ‘बी’ लिहून घेतलं, माहेरच्यांना दाखवायला.

माझ्या समोर आलेल्या अशा जवळजवळ सगळ्या प्रकरणांत शेवटी कागदच चुकलेला निघाला. चुका होतात कशा? दोनशे माणसांच्या शिबिरात नावं आणि नमुने इकडचे तिकडे होतात. द्रावणं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, ती मे महिन्यात जतच्या मांडवात तासन्‌तास उघड्यावर राहतात आणि त्यांचा जोर कमी होतो. हाताने लिहिलेलं वजाचं चिन्ह पुढच्याला दिसत नाही. शाळेच्या ओळखपत्रावर पालकांनी आठवणीने सांगितलेला गट छापला जातो, वाहन परवान्यावरही तोच चढतो. २०१९ च्या महापुरात कितीतरी घरांतले कागद भिजून गेले आणि नंतर आठवणीवरूनच फॉर्म भरले गेले.

तेव्हा आई, वडील आणि मूल, तिघांचीही एकाच रक्तपेढीत, नळीत किंवा जेल कार्डवर, दोन्ही बाजूंनी तपासणी करून घ्या. एकट्या बाईची किंवा एकट्या मुलाची नव्हे, तिघांची. एवढं करूनही जुळलं नाही, तर पुढचे प्रश्न वाचा. तोवर घरात कुणी कुणाला एक शब्दही बोलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१२. जन्मल्यावर बाळाचा गट एक सांगितला, पहिलीच्या प्रवेशाला वेगळा आला. बाळ बदललं असेल का?

ही शंका आईच्या मनात किती खोल जाते ते मला माहीत आहे. पण नवजात बाळाचा गट काढणं मुळातच नाजूक काम आहे. बाळाच्या पेशींवरचे प्रतिजन पुरते तयार झालेले नसतात, त्यामुळे गाठी अस्पष्ट येतात. त्याची स्वतःची प्रतिपिंडं तीन ते सहा महिन्यांनंतर बनू लागतात, म्हणून उलटी तपासणी करताच येत नाही. नमुना नाळेतून घेतला असेल तर नाळेतला चिकट द्रव मिसळून खोट्या गाठी दिसू शकतात. जन्मावेळचा गट तात्पुरता धरा आणि मूल दोनेक वर्षांचं झालं की पुन्हा तपासून घ्या. नंतरचा खरा माना.

१३. आधी निगेटिव्ह सांगितलं, आता पॉझिटिव्ह म्हणतात. खरं काय?

दोन्ही तपासण्या आपापल्या जागी बरोबर असू शकतात. काहींच्या पेशींवर डी प्रथिन असतं, पण फार थोडं. याला ‘वीक डी’ म्हणतात. टाइलवर ते दिसत नाही, पुढची तपासणी केल्यावर दिसतं. अशी व्यक्ती रक्त देते तेव्हा पिशवीवर पॉझिटिव्ह लिहितात, म्हणजे ते निगेटिव्ह रुग्णाला जाणार नाही. तिला रक्त घ्यायचं असेल तर बहुधा निगेटिव्ह देतात. दोन्हीकडे सावधगिरी आहे, घोळ नाही. ‘निगेटिव्ह’ आई-बापांना पॉझिटिव्ह मूल झालं तर दोघांपैकी एक वीक डी आहे का, हे आधी बघायचं.

१४. बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणजे काय? तो मुंबईच्याच लोकांत असतो का?

नाव मुंबईचं आहे कारण तो पहिल्यांदा तिथे सापडला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, युरोपात दहा लाखांत एखादा.

प्रश्न १ मधली साखळी आठवा. ए किंवा बीची साखर जिच्यावर बसते त्या पायाला एच म्हणतात. एच बनवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं, एबीओपासून अगदी दूर. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर पायाच तयार होत नाही. मग माणसाकडे बीचं जनुक चांगलं असूनही बीची साखर बसणार कुठे? खुंटीच नाही तर पिशवी टांगणार कशाला? टाइलवर असा माणूस सरळ ‘ओ’ दिसतो.

आता वारशाचं बघा. हा दिसायला ओ असलेला बाप आपलं झाकलेलं बीचं जनुक मुलाला देतो. आई साधी ओ, पण तिच्याकडची एचची प्रत चांगली. मुलात पाया तयार होतो आणि त्यावर बी बसतो. ओ आणि ओ आई-बापांना बी मूल! तक्त्यात ‘सहसा होत नाही’ म्हटलेलं मूल इथे पूर्णपणे त्याच बापाचं असतं.

ओळखायचं कसं? उलट्या तपासणीत या माणसाचं रक्तद्रव ओ पेशींशीही गाठी करतं, कारण त्यात एचविरोधी प्रतिपिंडं असतात. म्हणूनच त्याला साधं ओ रक्त देणं जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. या गटाचे दाते एकमेकांसाठी रात्री-बेरात्री गाडी काढून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन रक्त देतात. रक्ताची पिशवी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकते, त्यामुळे आधीपासून साठवून ठेवता येत नाही, गरजेला माणूसच लागतो. तुमच्या घरात कुणी या गटाचं असेल तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा. त्यांच्यापैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता चारात एक असते.

१५. मामाच्या मुलीशी लग्न केल्याने रक्तगटात दोष येतो का?

ए, बी, ओच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो दुर्मीळ, झाकलेल्या प्रतींमध्ये. समजा, आजोबांकडे एच जनुकाची एक बिघडलेली प्रत आहे. ती मुलात आणि मुलीत, तिथून आते-मामे भावंडांत, आणि त्यांचं लग्न झाल्यावर पतवंडात दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता ६४ मध्ये १ होते. बाहेर लग्न झालं असतं तर समोरच्याकडे तीच दुर्मीळ प्रत असणं फार अवघड होतं. बॉम्बे गट असणं हा आजार नाही, पण थॅलेसेमियासारख्या आजारांनाही हाच हिशेब लागू होतो. आपल्या भागात मामाची मुलगी करायची रीत आहे. लग्न ठरलंच असेल तर प्रश्न ९ मधल्या तपासण्या कराच.

१६. आई एबी आणि मूल ओ. हे तरी अशक्य ना?

जवळजवळ. पण क्वचित एकाच प्रतीत ए आणि बी दोन्हींचा गुण एकत्र आलेला असतो. त्याला ‘सिस-एबी’ म्हणतात. कोरिया-जपानकडे तो जास्त आढळलाय. अशा आईकडे दुसरी प्रत ओ असू शकते आणि ती मुलाला जाऊ शकते. एच्या काही उपप्रकारांत गाठी इतक्या हलक्या येतात की ए नजरेतून निसटतो आणि एबी माणूस बी म्हणून नोंदला जातो. गर्भावस्थेत जुळ्यांपैकी एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात रुजल्या तर एका माणसात दोन रक्तगट सापडतात. ही प्रकरणं मोठ्या प्रयोगशाळेत जनुक तपासूनच उलगडतात, टाइलवर नाही.

१७. वयानुसार किंवा रक्त चढवल्याने रक्तगट बदलतो का?

नाही. खूप पिशव्या एकदम चढवल्या तर काही आठवडे तपासणीत गोंधळ दिसतो, एवढंच. दुसऱ्याचा अस्थिमज्जा बसवला तर मात्र रक्तगट खरोखर दात्याचा होतो. रक्ताच्या कर्करोगात प्रतिजन फिके पडू शकतात.

१८. रक्तगटावरून बाप कोण हे सिद्ध होतं का? कोर्टात चालतं का?

रक्तगटाने ‘हाच बाप’ असं कधीच सिद्ध होत नाही. गावात बी गटाची शेकडो माणसं असतात. फार तर ‘हा नसावा’ अशी शंका येते, आणि तीही वरचे सगळे अपवाद बाजूला काढल्यावर.

कायदाही घाई करत नाही. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानलं जातं. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाचं कलम ११२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम ११६ आहे. गर्भ राहण्याच्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवल्याशिवाय हे गृहीतक हलत नाही. गौतम कुंडू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं की नुसत्या संशयावर रक्ततपासणीचा आदेश देता येणार नाही. त्याचा परिणाम मुलावर आणि आईवर काय होईल, ते न्यायालयाने आधी पाहिलं पाहिजे.

१९. सख्ख्या भावाचं रक्त मिळत असताना परक्याचं का घ्यायचं?

ऐकायला विचित्र वाटेल, पण जवळच्या नातेवाइकाचं रक्त काही वेळा जास्त धोक्याचं असतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला आपल्याच वाटतात, तिथे टिकून राहतात आणि मग रुग्णाच्याच अवयवांवर उलटतात. असं क्वचित होतं, पण झालं तर रुग्ण वाचणं फार कठीण. म्हणून नात्यातलं रक्त द्यायचंच झालं तर ते किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून देतात. मूल व्हायचं असलेल्या बाईला नवऱ्याचं रक्त शक्यतो देत नाहीत. भावाने रक्तदान जरूर करावं, ती पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

किडनी किंवा अस्थिमज्जेसाठी जुळवतात तो एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणांचा आणखी एक संच) वेगळा, सहाव्या गुणसूत्रावरचा. त्यात सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

२०. आमच्या जातीत एबी नसतोच, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. टक्केवारी थोडी इकडेतिकडे होईल, पण मी प्रत्येक गावात, प्रत्येक समाजात चारही गट पाहिले आहेत. १९१९ मध्ये लुडविक आणि हांका हिर्झफेल्ड यांनी पहिल्या महायुद्धातल्या वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांचे गट मांडले. भारतीय सैनिकांत बी जास्त आढळला, पण एकही गट कुणा एका लोकसमूहाच्या मालकीचा निघाला नाही. रक्तगटावरून स्वभाव सांगणं किंवा आहार ठरवणं यालाही आधार नाही.

२१. तिघांची फेरतपासणी करायला येताना काय आणायचं?

जुने सगळे रिपोर्ट आणि कार्डं, चुकीची वाटत असली तरी. प्रत्येकाचं ओळखपत्र. गेल्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर त्याची नोंद, आणि पूर्वी कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर तेही सांगा. उपाशी येऊ नका, त्याची गरज नाही. नळीवर तुमच्या समोर तुमचं नाव लिहिलं जातंय ना, ते बघा, आणि लिहिताना चुकलं तर लगेच सांगा.